अव्वाची नजर

अक्कलकोट रस्त्यावरच्या पत्र्याच्या शेडमध्ये गुरुवारी मुंगी शिरायला जागा नसे. न जेवणारी पोरं कडेवर घेऊन बाया रांगेत उभ्या. दारात मोठी टोपली. मोबाईल तिच्यात टाकल्याशिवाय आत पाऊल टाकायचं नाही. "मोबाईलच्या लहरीनं मंत्र फुटतोय, माउली!" असं मंत्र घालणारे चन्नवीर अप्पा बजावत आणि शिकलेसवरलेलेही माना डोलावत. पोराला सकाळपासून उपाशी ठेवायचं, हा दुसरा नेम. मग दुपारी अप्पा मोरपीस फिरवत, भस्म फुंकत, पोरांची पंगत बसवत आणि गूळ घातलेल्या गव्हाच्या गरम खिरीची, हुग्गीची वाटी पुढं सरकवत. घरी घासाला तोंड फिरवणारं पोर वाटी चाटूनपुसून खाई. "चमत्कार, चमत्कार!" म्हणत बाया डोळे पुसत.

दाक्षायणीनंही पुसले होते. तिचा सोमेश तीन वर्षांचा, पण अंगावर मांस म्हणून नाही. घरी कार्टून लागल्याशिवाय तो तोंड उघडत नसे, उघडलं तरी घास गालात धरून बसे. शेडमध्ये मात्र त्यानं हुग्गी मागून घेतली. घरी आल्यावर पुन्हा ये रे माझ्या मागल्या.

तिनं गाऱ्हाणं घातलं, तेव्हा अप्पांनी डोळे मिटले.

"मंत्राला खोट न्हाय. घरात नजर हाय. पोरगं जेवताना समोर कोण बसतंय?"

"माझ्या सासूबाई बसतात की. अव्वा."

"नवरा गेलेली म्हातारी?"

"व्हय."

"मग मला काय इचारताय!"

जेवणाऱ्या पोराकडं टक लावून बघू नये, हे दाक्षायणी लहानपणापासून ऐकत आली होती. अप्पांचं बोलणं तिच्या मनात घट्ट बसलं. तिच्या नवऱ्यानं, शिवशरणनं, आईला कुर्डुवाडीच्या गाडीत बसवून आपल्या बहिणीकडं पाठवलं. अव्वा भांडल्या नाहीत. "माझ्या नजरेनं पोर वाळत आसंल, तर मी हितं कशाला ऱ्हाऊ?" एवढंच म्हणाल्या.

अव्वा गेल्या आणि सोमेश आणखीनच वाळला. एक दिवस अंघोळ घालताना त्यानं मान टाकली. दाक्षायणी त्याला घेऊन दवाखान्यात धावली.

"अंगात रक्तच नाही हो याच्या," डॉक्टर विजयमाला म्हणाल्या. "दिवसभर खातो काय?"

"बिस्किटं, वेफर. जेवतच न्हाय. अप्पांकडं तेवढा जेवतोय."

"तिथं मोबाईल असतो?"

"न्हाय. टोपलीत टाकावा लागतोय."

"आणि आधी बिस्किटं?"

"उपास आसतोय की."

"भुकेलं पोर, गोड हुग्गी, शेजारी जेवणारी पोरं आणि मोबाईल बाहेर. यात अप्पांनी काय केलं? उपाशी ठेवू नका त्याला. मधलं चरणं बंद करा, औषध द्या आणि मोबाईल कपाटात ठेवून सगळे एकत्र जेवा."

सोमेश पहिले काही दिवस आकांत करून रडला. मग एका संध्याकाळी आईबापांच्या मधे बसून त्यानं दुधात कुस्करलेली भाकरी आपल्या हातानं खाल्ली. मोरपीस नाही, भस्म नाही. दाक्षायणी मात्र हुंदके देऊन रडली. पूर्वी अव्वा त्याला चिऊकाऊचे घास भरवत. तसं भरवण्यात वेळ जातो म्हणून मोबाईल पुढं उभा केला होता तो तिनंच.

दोघं कुर्डुवाडीला गेली, पाया पडून अव्वांना घेऊन आली. रात्री ताटं वाढली. अव्वा भिंतीकडं तोंड करून बसल्या, पदर डोळ्यांवर.

"अव्वा, इकडं बघा की. चूक माझी होती."

"नगं गं बाई. आत्ता कुटं जेवाय लागलाय."

बायाबापड्यांनो, नजरेनं कुणाचं पोर वाळत नाही. पोर जेवत नसेल तर त्याच्यापुढचा मोबाईल काढा, डॉक्टरांना दाखवा, पण घरातल्या म्हातारीकडं बोट दाखवू नका. पोराची मोबाईलची सवय मोडली. अव्वांच्या मनातलं अप्पांचं बोलणं काही निघत नाही.

सोमेश रोज हातात घास घेऊन त्यांच्यापुढं जाऊन उभा राहतो. "अव्वा, बघ की, मी खातोय!"

अव्वा हसतात, त्याच्या डोक्यावरून हात फिरवतात, आणि डोळे घट्ट मिटून घेतात.