गुंजनच्या कानातली शिट्टी

गुंजन गॅस बंद करायला धावली. गॅस पेटलेलाच नव्हता.

"आई, कुकरची शिट्टी नाई झाली?"

जयवंताच्या हातातली संभाराची, कोथिंबिरीची जुडी तशीच राहिली. परवा गुंजनच्या चुलतभावाच्या वरातीत नातेवाइकांनी पोरीला ओढून डीजेच्या भोंग्यांपुढे नाचवलं होतं. तेव्हापासून तिच्या उजव्या कानात शिट्टी वाजत होती, ऐकूही कमी येत होतं.

जयवंताने दवाखान्याचं नाव काढताच गुंजनचे वडील नत्थूजी भडकले. "महिन्यावर लगन आलं, आन तू बोभाटा करून राहिली का वं? लगन होऊ दे, मंग पाहू."

मंग पाहू! शी! पोरीचं दुखणं झाकायचं, कानात लसणाचं तेल ओतायचं आणि तिला बोहल्यावर ढकलून द्यायचं, याला म्हणे घराची अब्रू! जयवंतानेही कालच तेल ओतलं होतं. तिला स्वतःचीच किळस आली. कुणाला न सांगता ती पोरीला घेऊन निघाली.

डॉक्टरीणबाईंनी कान तपासला. "आतल्या कानात केसांसारख्या नाजूक पेशी असतात. मोठ्या आवाजानं काही थकतात, काही मरतात. मेलेल्या परत येत नाहीत. थकलेल्या सावरू शकतात, पण औषध आजच सुरू करा, आणि गोंगाट पूर्ण बंद. बरं झालं लवकर आलात."

घरी आल्या तर गुंजनचे होणारे सासरे रुपरावजी बसलेले. "हळदीले, वरातीले, दोन्हीकडे डीजे पाह्यजे. नवरी भोंग्यापुढं नाचली पाह्यजे, आमची रीत हाय." नत्थूजी लाचारासारखे मान डोलावत होते.

"डीजे लागणार नाई," जयवंता म्हणाली. "पोरीच्या कानाले इजा झाली. औषध चालू हाय."

"म्हणजे खोटा माल गळ्यात बांधून राहिले होते!"

माल! जयवंताच्या अंगाचा तिळपापड झाला. "आपल्याच हौसेनं फुटला तिचा कान, व्याहीबुवा. मीबी तिथं टाळ्या वाजवून राहिली होती."

रुपरावजी चहा न पिताच उठले. नत्थूजींनी कपाळावर हात मारला. "लगन मोडलं तं?"

"मोडू द्या. कान परत नाई भेटत."

लग्न मोडलंच. गुंजनला मात्र हळूहळू ऐकू येऊ लागलं. शिट्टी बारीक झाली, पुरती गेली नाही.

मग एका संध्याकाळी मनीषनगरच्या त्यांच्या गल्लीत दुसरीच एक वरात आली. खिडक्यांची तावदानं थरथरत होती. भोंग्यांना लागून एक बाई कडेवर तान्हं घेऊन नाचत होती, आणि आजूबाजूचे शहाणेसुरते लोक मोबाइलवर ते टिपत होते. गुंजनने दोन्ही कान दाबून धरले.

जयवंताने पायात चपला सरकवल्या आणि ती थेट डीजेच्या गाडीपुढे जाऊन उभी राहिली.

"बंद कर गा!"