निर्भय उंदरांच्या आया

सभागृहात पाय ठेवायला जागा नव्हती. पुढच्या रांगांत पोटुशा बायका, मागे त्यांच्या सासवा आणि नवरे नेहमीप्रमाणे दाराशी. मंचावर काचेची पेटी. मधोमध फळी. फळीच्या दोन्ही बाजूंना पांढरी उंदरं दाणे कुरतडत होती.

"डावीकडची बिनमंत्राची!" अभयमहाराज गरजले. "उजवीकडच्यांच्या आयांच्या कानात त्या पोटुशा असताना मी रोज मंत्र सांगितलाय. मांजर यांच्यापैकी कोणीच पाहिलेलं नाही. आता बघा ही भयाची शाल!"

शाल पेटीवरून फिरली. डावीकडची उंदरं जागच्या जागी थिजली. एकाचा दाणा तर तोंडातच राहिला. उजवीकडच्यांनी नाकं हलवली, जरा थबकली आणि पुन्हा जेवायला लागली.

"उंदराच्या पोराला एवढं बळ, तर तुमच्या बाळाला किती? फक्त गोळ्या-औषधं बंद! औषधांच्या गर्दीत मंत्राला बसायला जागा मिळत नाही."

मंत्राला तेवढी एकच अडचण होती.

मग साक्षीसाठी जनावरांच्या डॉक्टरांना वर बोलावलं. ते दवाखान्यातून तसेच, कोटासकट आले होते. त्यांनी एकेक उंदीर उचलून तपासला आणि माइक हातात घेतला. "औषध नाही, आजार नाही, फसवणूक नाही." इथं थांबायला हरकत नव्हती, पण माइक हातात असला की माणूस एक वाक्य जास्त बोलतो. "विज्ञानाकडे याला उत्तर नाही," डॉक्टर म्हणाले. टाळ्या थांबेनात. पुढच्या कार्यक्रमाच्या फलकावर महाराजांच्या शेजारी डॉक्टरांचा फोटो झळकला. फोटो चांगला आला होता, हे त्यांनी घरी दोनदा बोलून दाखवलं.

त्या कार्यक्रमाच्या सकाळी त्यांची आठवा महिना लागलेली लेक स्वयंपाकघरात डोकं धरून बसली होती. पाय इतके सुजलेले की चप्पल चढेना. डॉक्टरांनी रक्तदाब मोजला आणि पुन्हा मोजला.

"गोळी घेतलीस ना?"

"त्या दिवसापासून बंद केलीय."

"कोणी सांगितलं तुला?"

"तुम्ही, अण्णा."

"मी? अगं, मी उंदरांबद्दल बोललो!"

"फसवणूक नाही म्हणालात. विज्ञानाकडे उत्तर नाही म्हणालात. तुमच्याहून जास्त विश्वास मी कोणावर ठेवायचा?"

"मग आता मीच सांगतोय, घे गोळी. दवाखान्यात चल."

"तेव्हा माइकवर बोललात, आता स्वयंपाकघरात. यातलं खरं कुठलं धरू? आईबरोबर मंत्राला जातेय. तो झाला की बघू."

विज्ञानाकडे उत्तर असेलही; डॉक्टरांकडे नव्हतं. मंत्र थांबवायला ते अंगावरच्या घरच्या सदऱ्यानिशी धावत सभागृहावर गेले.

मंचामागच्या खोलीत महाराज चहा पीत होते. डॉक्टर दारातच थबकले. बोक्याच्या मुताचा उग्र भपकारा. हाच वास त्या दिवशी मंचावरही आला होता. पण बोक्यांवर उपचार करण्यात जन्म गेल्यामुळे तो आपल्याच कोटाचा असणार, असं त्यांनी धरून चाललं होतं. आज अंगात कोट नव्हता.

"महाराज, या उंदरांच्या आया कुठायत?"

दवाखान्यात कुठलंही पिल्लू आलं की त्यांचा पहिला प्रश्न आईबद्दल असे. त्या दिवशी तो सुचला नव्हता.

"तपश्चर्येत," महाराज म्हणाले.

डॉक्टरांनी कोपऱ्यातला पडदा ओढला. एका पिंजऱ्यात गाभण उंदरणी आणि त्याला खेटून दुसऱ्या पिंजऱ्यात लठ्ठ बोका, भयाच्या शालीवर ऐसपैस पसरलेला. बाकीच्या उंदरणी लांब, खिडकीखाली, गवतात निवांत.

बाहेर सभागृह भरलं होतं. डॉक्टरांनी खोली आणि मंच यांच्यामधला पडदाही सारला.

"त्या दिवशी मी चुकीचं बोललो," ते म्हणाले. माइक नव्हता, म्हणून ओरडावं लागलं. "उंदरीण पोटुशी असताना बोक्याच्या धाकात राहिली, तर तिची भीती पोटातल्या पिल्लांपर्यंत पोचू शकते. मांजर न पाहिलेली पिल्लंही मग नुसत्या वासानं थिजतात. यांनी कोणाला बळ दिलेलं नाही. उजवीकडच्यांच्या आयांना सुखानं राहू दिलं आणि डावीकडच्यांच्या आयांना छळलं. मंत्र एवढाच."

"डॉक्टरसाहेब, दारावर फोटो तुमचाही आहे बरं!" महाराज गोड हसले.

"मग त्या दिवशी तुम्ही काय तपासलंत हो?" एका सासूबाईंनी विचारलं.

"दात, डोळे आणि शेपट्या."

कोणीतरी फिस्सकन हसलं. डॉक्टरांचे कान तापले. पळून जावंसं वाटलं. पण तिसऱ्या रांगेत लेक बसली होती.

"माझ्या पदवीवर विश्वास ठेवू नका. एकदा ठेवलात, तेवढं पुरे. इथं या, स्वतः बघा, प्रश्न विचारा. आणि हो, उंदरांवरून आपल्या बाळाचं भविष्य काढू नका. ज्यांनी गोळ्या बंद केल्यात, त्यांनी आत्ताच्या आत्ता आपल्या डॉक्टरांकडे जा."

सगळ्यांत आधी लेकच उठली. खुर्च्यांचा आधार घेत वर आली आणि पिंजऱ्यासमोर वाकली. एक उंदरीण जड पोटानं जाळीच्या कोपऱ्यात घुसून बसली होती. मिशीसुद्धा हलत नव्हती. लेक तिच्याकडे बघत राहिली.

"अण्णा, हिला आधी इथून हलवा," ती म्हणाली. "आणि मला दवाखान्यात न्या."

डॉक्टरांनी पिंजरा उचलला. लेकीच्या तोंडाकडे बघायचा धीर मात्र त्यांना झाला नाही.