दानम्माच्या दारचा सडा

खोटं बोलीन तर ह्या तोंडात उरलेले दोन दातबी गळून पडू दे! शबूद न् शबूद खरा हाय. आता ऐका.

लातूर नवा जिल्हा झाला आन पाऊस जनू तिकडंच नोकरीला लागला; आमच्या मुखेडच्या डोंगराकडं फिरकंनाच. हिरी आटल्या. घळीच्या तोंडाशी, ओढ्याच्या वाळूत, जो तो आपला झिरा उकरायचा. हातभर खड्डा. रातभर त्यात पानी पाझरायचं, सकाळी वाटीवाटीनं भरायचं, वर बाभळीच्या फांद्या झाकायच्या.

बसम्माचा झिरा सगळ्यात वरचा. तोच कोरडा निघू लागला. फांद्या जशाच्या तशा आन पानी गायब! दारात माहेरची गाभन म्हैस जीभ काढून उभी. नवरा, नागप्पा, म्हनला, "परवाच्या बाजारात इकून येतो. दावनीला मरन्यापरीस बरं."

"हात तर लावून बगा तिला!" बसम्मा म्हनली.

आन शेजारी थोरल्या जावंच्या, दानम्माच्या, दारात रोज सडा! लोक घोटभर पान्याला महाग, आन हिच्या अंगनात चिखल. बसम्माच्या मनात पाल चुकचुकली.

"अक्का, सड्याला पानी कुठलं गं?"

"देवाचं," दानम्मा म्हनली. "पोराला बगायला लातूरची मानसं येनार हाईत. जिल्ह्याची मानसं! कोरडं अंगन बगून पोरगी देतील व्हय?"

देवाचं म्हने!

दुपारी गाव कलंडलं तशी दानम्मा कळशी घेऊन निघाली. बसम्मा मागं. पन दानम्मा झिऱ्याकडं वळलीच न्हाई, सरळ घळीत शिरली. बसम्माचा संशय दुप्पट झाला. चोरून लपवती तरी कुठं ही?

घळ कसली, दोन कड्यांमधली चीर. पोट आत वढून आडवं सरकावं लागलं. सावली मावंना, ती बाहीरच थांबली. फुडं डोईएवढे धोंडे अडकलेले. बसम्मानं वचा खोचला, बांगड्या वाजू ने म्हनून पदरात गुंडाळल्या, आन एका कड्याला पाठ, दुसऱ्याला पाय लावून खेकड्यावानी वर चढली. कपारीत मांडीएवढा अजगर पसरलेला, झुपकेदार मिशांचा. "सरक की," बसम्मा म्हनली. सरकला बिचारा.

वर कड्याच्या पोटात रांजनभर पान्याचं डबकं, आन दानम्मा त्यात कळशी बुडवून राहिली.

"चोरटे! माझं पानी हितं साठवती व्हय?"

"डोस्कं फिरलं का बसे?" दानम्मा उलटी भडकली. "गळ्यातल्या लिंगाची शपथ, तुझ्या झिऱ्याला बोट लावलं न्हाई. हे डोंगराचं हाय!"

लिंगाची शपथ म्हंजी मोठी. पन भरोसा? छे. ती डबक्याच्या काठाला वाकली. बुडाच्या चिरेतून पानी झिरपत होतं, घळीच्या उताराला.

"अक्का, हे जातंय कुठं?"

दानम्माबी चिरेवर वाकली.

"अगं बाई," दानम्मा हळू म्हनली, "वर मी उपसते आन खाली तुझं आटतं."

"आज माझं आटलं, उद्या साऱ्यांचं. आता सडा का म्हैस, सांग."

दानम्मानं भरली कळशी परत डबक्यात वतली. "तू हो फुडं, मी येते."

"न्हाई अक्का, तूच हो फुडं."

दुसऱ्या दिवशी झिरा काठोकाठ. म्हैस घमेलं घमेलं प्याली. नागप्पानं बाजारासाठी काढलेला कासरा गुपचूप खुंटीला टांगला.

पंधरवड्यानं लातूरची मानसं आली. कोरडं अंगन बगून नाकं मुरडली. मंग ताटात बसम्माच्या म्हशीचा खरवस आला. पोरगी दिली की!

आता एक दात हलून राहिलाय, म्हनून सांगते. घळीत अजगर नव्हता. डबकं कुनी उपसू ने म्हनून दोघी जावांनी अजगराची नुसती आवई गावात सोडून दिली. त्यांचा अजगर बिनमिशांचा होता. मिशा माझ्या पदरच्या.