कुलूपबंद मैदानातला गोलपोस्ट

मित्रांनो, शिक्रापूरजवळ हायवेला लागून गावाचं एक मैदान आहे. तिथे रस्त्याच्या बाजूला मी उभा आहे. मी एक जुना गोलपोस्ट.

रांजणगावच्या कंपनीत काम करणाऱ्या इंद्रजीत नावाच्या फिटरने पाण्याचे जुने पाइप जोडून मला घडवलं. ड्यूटी सुटली की तो इथे मुलामुलींना फुटबॉल शिकवायचा. गावातली मुलं यायची, तशी भाड्याच्या खोल्यांत राहणाऱ्या कामगारांचीही यायची. त्यांतलीच एक नऊ वर्षांची ऋतिका. तिचा चेंडू माझ्या खांबावर ठणकन आदळला की मला फार बरं वाटायचं.

मग मैदानावर ट्रक उभे करायचं बोलणं निघालं. मला वाटलं, आता मी भंगारात जाणार! पण इंद्रजीतने क्लब नोंदवला आणि मैदान भाडेपट्ट्याने मागितलं. ग्रामसभा इथेच भरली. म्हातारे सोपानआबा उठून म्हणाले, "क्लबला द्या, माझी ना न्हाई. पण मैदान गावाचं हाय, एवढं इसरू नका."

पाच वर्षांचा करार झाला. क्लबने मला पांढराशुभ्र रंग दिला, नवी जाळी बांधली. येणारेजाणारे माझं कौतुक करू लागले. पाठोपाठ तारेचं कुंपण आलं, फाटक आलं आणि फाटकाला कुलूप. जनावरं घुसतात म्हणून खेळ चालू असतानाही ते लावलेलं असायचं. क्लबचं ओळखपत्र असेल त्यालाच आत प्रवेश.

ऋतिका तारेला धरून म्हणाली, "सर, मला बी घ्या ना."

"राहण्याचा दाखला आण बाळा. नियम हाय," इंद्रजीत म्हणाला.

घरमालक दाखला देईना. मग ती आणि चार मुली हायवेच्या कडेला खेळू लागल्या. चेंडू रस्त्याकडे घरंगळला की माझा जीव गोळा व्हायचा. मला सगळं दिसत होतं, पण हाक मारायला तोंड नव्हतं.

एका रविवारी दुपारी कंटेनरचे ब्रेक करकचून वाजले. धुळीचा लोट उठला. काहीच दिसेना.

"ऋतिकाऽऽ!" तिची आई सविता भाजीची पिशवी टाकून धावली.

इंद्रजीत आतून फाटकाकडे पळाला. घाईत किल्ली कुलपात जाईना. तेवढा वेळ मला पाच वर्षांहून मोठा वाटला.

धूळ बसली. ऋतिका रस्त्याच्या कडेला बसली होती. गुडघे फुटले होते, पण ती जिवंत होती. चेंडू चाकाखाली चपटा झाला होता. सविताने तिला छातीशी घट्ट धरलं. इंद्रजीत पोहोचला तेव्हा सविता एवढंच म्हणाली, "सर, मैदान तुमाला दिलं. मग आमच्या पोरींनी कुठं खेळायचं?"

पुढच्या ग्रामसभेत इंद्रजीतने स्वतःच करारात ओळ घालून घेतली, की रोज चार ते सहा फाटक सगळ्यांसाठी उघडं राहील.

ऋतिका आता आत येते. पण हॉर्न वाजला की खेळता खेळता जागीच थिजते. तिला तसं पाहिलं की मीही घाबरतो. यंदा करार संपतोय. पुढे मैदान कोणाच्या हाती जाईल, कोण जाणे.

मित्रांनो, माझा रंग उडाला तरी चालेल, गंजही मी सोसेन. पण तुमच्या गावच्या मैदानाला कुलूप दिसलं, तर आत कोण खेळतंय ते बघून परत फिरू नका. बाहेर कोण राहिलंय, तेही बघा.