उत्तर आधी, प्रश्न नंतर

एक फाटका मोजा.

क्ष, अर्धा पुसलेला.

स्वयंपाकघरातल्या कपाटाचं न झालेलं दार.

"वर धरा!"

शेजारणीच्या कोपराचा धक्का.

मित्रांनो, या तुकड्यांची बेरीज म्हणजे मी. मी एक जुनी पांढरी पाटी आहे. वहीएवढी. एक कोपरा उडालेला.

स्वयंपाकघरातल्या कपाटाची दारं करून उरलेल्या गुळगुळीत पांढऱ्या फळीतून मला कापलं. सुतार म्हणाला, "बाई, या तुकड्यांचं काहीच होणार नाही हो."

गणिताच्या बाई म्हणाल्या, "होईल की. मुलांना चुका करायला जागा होईल."

प्रत्येक मुलाला एक पाटी, एक पुसता येणारं पेन आणि पुसायला घरून आणलेला जुना मोजा. बीजगणिताचा तास सुरू झाला की पहिली पाच मिनिटं आमची. बाई एक समीकरण सांगत. मुलं मनातल्या मनात सोडवत, माझ्यावर उत्तर लिहीत आणि "वर धरा!" म्हटलं की सगळ्या पाट्या एकदम वर. कोणी हात वर करायचा नाही, कोणी ओरडायचं नाही. कोण अडलंय ते बाईंना एका नजरेत दिसे.

मी धाकटीकडे होते. तिच्या शेजारी ताई. दोघी जुळ्या, पण काही मिनिटं आधी जन्मली म्हणून एक ताई झाली आणि ताईपणा अगदी मन लावून करायची. ताईचं गणित घोड्यावर बसलेलं, धाकटीचं पायी चालणारं. म्हणून ताई आपली पाटी जराशी तिरकी धरी आणि कोपराने ढोसे. धाकटी बघे आणि तेच माझ्यावर उतरवी.

तिला भीती कशाची होती, तेही सांगते. मोठ्या सरांनी ठरवलं होतं, की सत्र संपलं की कच्च्या मुलांना शेजारच्या खोलीत बसवायचं. धाकटीने आजवर ताईशिवाय एकही तास काढला नव्हता.

एकदा बाईंनी विचारलं, ३क्ष + ४ = १९. ताईने घाईत चार वजा केले, तीनने भागायचंच विसरली. दोन पाट्यांवर पंधरा. बाकी सगळीकडे पाच, नाहीतर कोरं.

"काय गं," बाई म्हणाल्या, "जुळ्यांना सर्दीही एकदम होते का?"

वर्ग हसला. ताई लाल झाली. धाकटीने मला मोज्याने इतकं घासलं, की माझंच अंग गरम झालं.

दुसऱ्या दिवशी मोठे सर मागच्या बाकावर येऊन बसले. कोणाला हलवायचं, ते बघायला. बाईंनी त्यांच्याकडे पाहिलंही नाही.

"आज उत्तर मी सांगते. सहा. प्रश्न तुम्ही करायचा. सोपा करा, अवघड करा; फक्त शेजारणीसारखा नको."

ताईने मोठ्या रुबाबात भलंमोठं समीकरण लिहिलं. धाकटीने तिकडे पाहिलं. पण पाहून उपयोग नव्हता. तिचं पेन माझ्यावर कितीतरी वेळ नुसतंच टेकून राहिलं. मग तिने लिहिलं: क्ष = ६.

"अगं, हा काय प्रश्न झाला?" ताई कुजबुजली. "हे तर उत्तरच आहे!"

मागून कोणीतरी म्हणालं, "हिने भांडी घासायच्या आधीच वाळत घातली!"

वर्ग हसला, पण बाई हसल्या नाहीत. "तुम्हा सगळ्यांना शेवटी इथेच यायचंय. ही आधी येऊन बसली आहे. आता दोन्ही बाजूंना एक मिळव, बाळा."

क्ष + १ = ७.

"आता दोन्हीकडची दुप्पट कर."

२क्ष + २ = १४.

पुढचं तिला कोणी सांगितलं नाही. तिने आपल्या मनाने दोन्हीकडे एक एक क्ष मिळवला. ३क्ष + २ = १४ + क्ष. आणि मला वर धरलं.

"ताई," बाई म्हणाल्या, "सोडव बरं हे."

दोन्ही बाजूंना क्ष असलेलं समीकरण मुलं अजून शिकलीच नव्हती. ताई धाकटीकडे वळली. "आधी काय काढू गं?"

"मी शेवटी जे घातलं, ते."

मागच्या बाकावर मोठे सर तळहातावर बोटाने काहीतरी लिहीत होते. उठताना म्हणाले, "खोलीचं नंतर बघू." ते नंतर काही आलं नाही. धाकटी घोड्यावर बसली नाही, पायीच चालत राहिली. ताईच्या शेजारून, त्याच बाकावर.

पुढे बाई निवृत्त झाल्या. नव्या शिक्षकांनी भिंतीवर पडदा लावला आणि आम्ही नकाशांच्या मागे गेलो. तक्रार नाही. पडद्यावर अक्षर छान दिसतं. पण एका वेळी एकाचंच.

मित्रांनो, कुठे आमच्यासारखी पाटी सापडली, तर ओल्या फडक्याने पुसा, कोरड्याने ओरखडे पडतात. आणि शेजारच्याने अजून लिहायला सुरुवात केली नसेल, तर ढोसू नका. जरा थांबा.

वर्गात आम्ही आलो त्या पहिल्या दिवशी सगळ्या पाट्या वर गेल्या, तेव्हा ताईकडे न बघता लिहिलेलं धाकटीचं उत्तर बरोबर होतं. पण तिने मला स्वतःकडे तोंड करून धरलं होतं.