अक्रोडाच्या पट्ट्यांमागे

मित्रांनो, मी एक जुनी भिंत आहे. अमेरिकेत, मिनेसोटातल्या एका बैठ्या घराच्या दिवाणखान्यात, पोटात शेकोटी घेऊन मी उभी आहे. पण तुम्ही त्या खोलीत आलात तर मी तुम्हाला दिसणार नाही. मला झाकून टाकले आहे. कसे आणि का, तेच सांगायचे आहे, आणि जरा घाईने सांगायचे आहे.

गेल्या शतकाच्या मध्यावर इकडे सपाट छपरांची आणि मोठमोठ्या काचांची घरे बांधायची टूम निघाली होती. व्हर्नन आणि आर्डिस लिंडक्विस्ट या नवराबायकोने तसलेच घर हौसेने बांधले. मला त्यांनी लांबट, फिकट तांबूस विटांची केली. गवंड्याने माझ्या पोटात जाळ पेटवायची पोलादी पेटी बसवली आणि तिच्याभोवती हवा खेळायला पोकळी ठेवली. शेकोटीच्या दोन्ही अंगांना, खाली आणि वर, जाळ्या लावल्या. खालच्या जाळ्यांतून गार हवा आत शिरे, तापलेल्या पेटीला वळसा घाली आणि उबदार होऊन वरच्या जाळ्यांतून बाहेर पडे. त्या जाळ्या म्हणजे माझ्या नाकपुड्याच होत्या.

आर्डिस मोठी शिस्तीची. ख्रिसमसचे मोजे टांगतानाही ती जाळीसमोर काही येऊ देत नसे. "तिला गुदमरवू नका," असे पोरांना दटावत असे. पाहुणे माझे कौतुक करत, आणि खोटे कशाला बोलू, मी फुशारून जात असे. पुढे व्हर्नन गेला. आर्डिस थकली आणि मुलीकडे ॲरिझोनाला राहायला गेली. घर विकले गेले. माझ्या नाकपुड्यांविषयी नव्या माणसांना कोणी काही सांगितले नाही.

नवी माणसे वाईट नाहीत. ब्रेना, तिचा नवरा कर्टिस आणि त्यांची छोटी मेव्ह. ब्रेनाला त्या जुन्या काळाचे वेड. खुर्च्या तशाच, दिवे तसेच. फक्त मी तिला पसंत पडले नाही.

"दवाखान्यात नंबर लावून बसल्यासारखं वाटतं या भिंतीसमोर," ती म्हणाली. "इथे अक्रोडाचं लाकूडच हवं. खालपासून वरपर्यंत उभ्या पट्ट्या. आणि ही भोकं कसली रे?"

कर्टिसने गुडघे टेकून जाळीला कान लावला. "अगं, हे स्पीकर! तेव्हा लोक भिंतीतच गाणी बसवून घ्यायचे. म्हातारा रसिक दिसतोय."

"वाजतात का?"

"वाजतात कसले! आतलं सगळं कोणीतरी उपटून नेलंय. नुसता गार वारा येतोय."

रसिक म्हणे! व्हर्ननला रेडिओचा आवाजसुद्धा सहन होत नसे. हसावे की रडावे तेच मला कळेना.

थँक्सगिव्हिंगच्या सणाच्या जेवणाला सगळा गोतावळा याच घरी यायचा होता. त्याआधी भिंत नवी व्हायला हवी होती. आणि इकडच्या पुरुषांना घरातले काम दुसऱ्याकडून करून घ्यायचे म्हणजे कमीपणा वाटतो. कर्टिसने व्हिडिओ पाहिले आणि सुट्टीच्या दिवशी स्वतःच हातोडी घेतली. वारा येऊ नये म्हणून भोकांत फोम ठासला, त्यावर प्लायवूड ठोकले आणि त्यावर अक्रोडाच्या पट्ट्या. शेकोटीच्या तोंडाभोवती मात्र व्हिडिओत सांगितल्याइतकी जागा त्याने इमानाने मोकळी सोडली. काम सुबक झाले, यात शंका नाही. एक जाळी घासूनपुसून त्याने फडताळावर शोभेला ठेवली.

थँक्सगिव्हिंगला शेकोटी पेटली. टर्की आली, भट्टीत भाजलेली बटाट्याची हॉटडिश आली, भोपळ्याचा गोड पंपकिन पाय आला. जो येई तो मला, म्हणजे त्या लाकडाला, हात लावून वाहवा करी. तेवढ्यात कर्टिसच्या वडिलांनी, डेल आजोबांनी, नाक वर केले.

"काहीतरी करपतंय का गं ब्रेना?"

"बाबा, माझ्या स्वयंपाकाला नावं ठेवायची तर सरळ ठेवा ना!"

सगळे हसले. कर्टिस म्हणाला, "नव्या पॉलिशचा वास आहे, बाबा. चार दिवसांत जाईल." भिडस्त डेल ओशाळले. त्यांनी टर्की पुन्हा वाढून घेतली, भरपूर तारीफ केली आणि तो विषय पुन्हा काढला नाही.

मी तेव्हा आतून ओरडत होते. पेटीभोवतीची तापलेली हवा बाहेर पडायला वाट शोधत होती. फोम वितळून गळला होता आणि मागचे प्लायवूड तपकिरी झाले होते. त्यानंतर प्रत्येक जाळागणिक ते आणखी काळे पडत गेले. मित्रांनो, लाकूड असे पुन्हा पुन्हा भाजले की त्याचा हळूहळू कोळसा होतो, आणि कोळशाला पेटायला थोडी धगही पुरते. समोरून मात्र अक्रोड तसाच चकचकीत आहे. मला फार भीती वाटते.

मेव्हने काल पट्ट्यांना गाल लावला.

"आई, भिंत गरम आहे."

"हो ना गं सोन्या? कसं उबदार वाटतंय आता घर!"

आणि ब्रेनाने तिची उशी, गोष्टींची पुस्तके, सगळे माझ्यापाशीच आणून मांडले.

आज बाहेर हाडे गोठवणारी थंडी आहे. मेव्ह उशीवर पालथी पडून चित्रे बघते आहे. कर्टिस दोन्ही हात भरून ओंडके घेऊन आत आला आहे आणि म्हणतो आहे, "आज चांगला मोठा जाळ करू."

मित्रांनो, माझा आवाज त्यांना ऐकू जात नाही, म्हणून तुम्हाला विनवते. जुन्या घरातले एखादे भोक बुजवण्याआधी ते कशासाठी होते ते कोणाला तरी विचारा. करपल्याचा वास आला तर भीड धरून गप्प बसू नका. लहान मूल भिंत गरम आहे म्हणाले तर उठा आणि स्वतः हात लावून पाहा. माझी काळजी करू नका. मी विटांची आहे, मला काही होत नाही. घर जळून गेले तरी माझ्यासारख्या भिंती राखेत तशाच उभ्या राहतात. मला तसे एकटीने उभे राहायचे नाही.