ज्याच्या त्याच्या नावानं

शेठचा पासवर्ड पाण्याच्या माठाशेजारी भिंतीवर लिहिलेला होता. नवीन जालन्यातल्या आमच्या बियाणं कंपनीत ज्याला बाहेर मेल पाठवायची, तो शेठच्या नावानंच पाठवी. म्हणे, त्याशिवाय कोणी उत्तर देत नाही! शेवटी कुणा चोरट्यानं रविवारच्या सुट्टीत त्याच नावानं लॉटरीच्या वीस हजार मेल सोडल्या. कंपनीचा सर्व्हर मी सांभाळते, तेव्हा माझं डोकं किती फिरलं असेल ते विचारूच नका.

सोमवारी मी त्या भिंतीवर चुना फासला, शेठचा पासवर्ड बदलला आणि नियम केला. यादीत नाव असेल त्याचीच मेल सर्व्हर बाहेर सोडेल, तीही ज्याच्या त्याच्या नावानं. राधेश्याम शेठनी पाच नावं दिली. सगळे साहेबलोक.

दुपारी दैवशालाबाई आल्या. प्रयोगशाळेत ओल्या कागदावर बी ठेवून त्यातलं किती उगवतं ते त्या मोजतात आणि रिपोर्ट व्यापाऱ्यांना पाठवतात. आज सर्व्हरनं तो अडवला होता.

"आणा इकडं, माझ्या नावानं पाठवतो," मॅनेजर भुजंगराव म्हणाले.

"न्हाई," बाई म्हणाल्या. एरवी त्यांच्या तोंडून हा शब्द निघत नाही. "नऊ वर्षं शेठच्या नावानं गेला. दाणे मी मोजले. आता माझ्या नावानं जाऊ द्या, न्हाईतर राहू द्या."

मला असा आनंद झाला म्हणता! तिथंच शेठना फोन लावला. ते जाफराबादला लग्नात होते, मागं बँड वाजत होता.

"अगं अफ्रीन, मंग घाल की बाईचं नाव!" ते ओरडले. "विचारून काय राह्यली?"

घातलं. बाईंनी पदराला बोट पुसलं आणि बटण दाबलं. पाऊण तासात परभणीच्या व्यापाऱ्याचं उत्तर आलं: 'दैवशालाबाई, रिपोर्ट मिळाला. माल पाठवा.' बाईंनी ते मोठ्यानं दोनदा वाचलं, मग मलाही वाचायला लावलं. मी नाचायचीच बाकी होते.

संध्याकाळी शेठ परतले. नवा पासवर्ड तीनदा चुकला आणि सर्व्हरनं त्यांनाच अडवलं. ते घाईघाईनं प्रयोगशाळेत गेले.

"दैवशालाबाई, माझी एवढी एक मेल तुमच्या नावानं जाऊ द्या. जल्दी आहे."

बाई हसल्या. "न्हाई शेठ. माझ्या नावानं माझीच जाती."

शेठ पोट धरून हसले आणि पासवर्ड मागायला माझ्याकडं आले.